वाचकांचे प्रश्न : किमान वेतन वाढवण्याआधी राज्याने काय मोजावे?

कर्नाटक सरकारने एप्रिल २०२५ मध्ये किमान वेतनाच्या सुधारित दरांचा मसुदा प्रसिद्ध केला, तेव्हापासून या सदराकडे बेळगाव, खानापूर, निपाणी आणि संकेश्वर या भागांतून सातत्याने पत्रे येत आहेत. कामगारांच्या पत्रांत दर वाढलाच पाहिजे असा आग्रह आहे, कारखानदारांच्या पत्रांत काम सीमेपलीकडे जाईल ही चिंता आहे, आणि दोन्हीकडचे वाचक शेवटी एकच गोष्ट विचारतात : वाढ योग्य की अयोग्य हे ठरवण्यासाठी सरकारने नेमका कसला अभ्यास करायला हवा? निवडक पत्रे थोडी संक्षिप्त करून उत्तरांसह देत आहोत.

उद्यमबाग, बेळगाव येथील एक फाउंड्रीचालक लिहितात : माझ्या फाउंड्रीत बावीस माणसे आहेत. किमान वेतन एकदम वाढले तर माझे गिऱ्हाईक तेच कास्टिंग, म्हणजे ओतीव लोखंडी भाग, शिनोळी किंवा कागलच्या कारखान्याकडून घेईल, कारण तिथे महाराष्ट्राचा दर लागू होतो. दर वाढवण्याआधी रोजगारावरचा परिणाम तपासायला नको का, आणि तो तपासता येतो का?

उत्तर : तपासता येतो, आणि त्यासाठी बेळगावइतकी योग्य जागा कर्नाटकात क्वचितच सापडेल. राज्याच्या मध्यभागी बसून वेतनवाढीचा परिणाम शोधू लागल्यास, रोजगार घटला तो वेतनामुळे, मंदीमुळे की दुष्काळामुळे, हे सांगणे कठीण जाते. आपल्याकडे मात्र एकाच प्रकारचे कास्टिंग ओतणारे आणि एकाच प्रदेशातली माणसे कामाला घेणारे कारखाने उद्यमबाग-मच्छे आणि शिनोळी-कागल असे दोन राज्यांत विभागलेले आहेत. दर एका बाजूला वाढला आणि दुसऱ्या बाजूला तसाच राहिला, तर वाढीच्या आधी आणि नंतर दोन्हीकडे काय बदलले हे शेजारी शेजारी ठेवून पाहता येते.

या पद्धतीचा नावाजलेला दाखला अमेरिकेतला आहे. १ एप्रिल १९९२ रोजी न्यू जर्सी राज्याने किमान वेतन ताशी ४.२५ डॉलरवरून ५.०५ डॉलर केले. शेजारच्या पेनसिल्व्हेनियात ते ४.२५ डॉलरच राहिले. डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर या अर्थशास्त्रज्ञांनी न्यू जर्सी आणि पूर्व पेनसिल्व्हेनिया मिळून ४१० फास्ट फूड दुकानांची वाढीपूर्वी एकदा आणि वाढीनंतर काही महिन्यांनी पुन्हा चौकशी केली. न्यू जर्सीतला रोजगार पेनसिल्व्हेनियाच्या तुलनेत घटल्याचे त्यांना आढळले नाही. हा शोधनिबंध १९९४ साली प्रसिद्ध झाला. २००० साली डेव्हिड न्यूमार्क आणि विल्यम वॉशर यांनी दुकानांच्या पगारनोंदी वापरून उलट निष्कर्ष मांडला, त्याला कार्ड आणि क्रूगर यांनी सरकारी नोंदींच्या आधारे उत्तर दिले. पुढे २०१० साली अरिंद्रजित दुबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी राज्यसीमेच्या दोन्ही बाजूंना लागून असलेल्या जिल्ह्यांच्या जोड्या अमेरिकाभरातून घेतल्या. त्यांनाही मिळकत वाढलेली दिसली, पण नोकऱ्या गेल्याची ठळक खूण सापडली नाही. कार्ड यांना २०२१ साली नोबेल पारितोषिक मिळाले. यावरून वेतन कितीही वाढवले तरी चालते असे मात्र कोणी समजू नये. न्यू जर्सीतली वाढ सुमारे १९ टक्के होती, आणि तिथला निष्कर्ष त्याच्या कितीतरी पट मोठ्या वाढीला लावता येणार नाही. आपण घ्यायची आहे ती मोजण्याची रीत.

ती रीत बेळगावात वापरताना एक धोका आहे आणि तो आपल्याच पत्रात दडलेला आहे. समजा, उद्यमबागेतले दहा माणसांचे काम खरोखरच शिनोळीला गेले. मग उद्यमबागेत दहा कमी आणि शिनोळीत दहा जास्त दिसतील, आणि दोन्ही बाजूंची तुलना करणारा अभ्यासक वीस माणसांचा फरक नोंदवील, वास्तविक काम दहाच माणसांचे हलले असताना. याच्या उलटही घडू शकते. महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यातली माणसे बेळगावात कामाला येतात आणि बेळगाव तालुक्यातली शिनोळीला जातात, त्यामुळे इकडे मजुरी वाढली की माणसे टिकवण्यासाठी तिकडच्या मालकालाही थोडी वाढ द्यावी लागते आणि फरक असतो त्यापेक्षा लहान दिसतो. म्हणून सीमेवरच्या जोडीबरोबर सीमेपासून दूर असलेले हुबळी-धारवाडचे कारखानेही मोजणीत घ्यायला हवेत. कोणत्या महिन्यात मोजणी केली यालाही महत्त्व आहे. कर्नाटकात किमान वेतनातला महागाई भत्ता वर्षातून एकदा, एप्रिलपासून बदलतो आणि महाराष्ट्रात विशेष भत्ता जानेवारी आणि जुलै असा दोनदा बदलतो, त्यामुळे मार्चमध्ये दिसणारा दोन राज्यांतला फरक मेमध्ये तेवढाच राहत नाही.

आपल्या व्यवसायापुरते सांगायचे तर अभ्यासकाने केवळ डोकी मोजून भागणार नाही. साचे बनवणारे मोल्डर किती, कास्टिंग घासून साफ करणारे फेटलिंगवाले किती, ठेकेदारामार्फत आलेले हेल्पर किती, जादा तास किती, आणि किलोमागे येणाऱ्या खर्चात लोखंड, वीज आणि मजुरी यांचा वाटा किती, हे सारे विचारावे लागेल. खर्चाच्या शंभर रुपयांत किमान वेतनावरच्या माणसांची मजुरी दहा रुपये असेल आणि ती वीस टक्क्यांनी वाढली, तर खर्च दोन रुपयांनी वाढतो. ती तीस रुपये असेल तर सहा रुपयांनी. गिऱ्हाईक दोन रुपयांसाठी कारखाना बदलते का आणि सहा रुपयांसाठी बदलते का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. आपल्यासारख्या चालकांनी हे आकडे उघडपणे द्यावेत अशी माझी आग्रहाची विनंती आहे. दर वाढण्यापूर्वीची नोंद नसेल तर नंतर कितीही हुशार अभ्यासक आला तरी त्याच्या हाती तुलनेसाठी काही उरत नाही.

बेळगाव येथील अर्थशास्त्राची एक विद्यार्थिनी विचारते : पुस्तकात आम्ही शिकतो की किंमत वाढली की मागणी घटते. मग मजुरी वाढली की मजुरांची मागणी घटणारच. यात अभ्यास करण्यासारखे काय उरते?

उत्तर : पुस्तकातला नियम अनेक मालक आणि अनेक मजूर असलेल्या बाजाराचा आहे. खानापूर तालुक्यातल्या एखाद्या गावात काजू सोलण्याचे एकच युनिट असेल, शेवटची बस साडेपाचला असेल आणि मुले शाळेतून येण्याआधी घरी पोहोचणे भाग असेल, तर तिथल्या बाईपुढे दुसरा मालक नसतो. अशा ठिकाणी मजुरी ठरते ती तिच्या कामाच्या किमतीपेक्षा तिच्या अडचणीवर, आणि कायद्याने ती एका मर्यादेपर्यंत वाढवली तर काम कमी न होता मिळकत वाढते. त्या मर्यादेपलीकडे मात्र पुस्तकातला नियम लागू होऊ लागतो. ती मर्यादा प्रत्येक धंद्यात आणि प्रत्येक तालुक्यात वेगळी असते, आणि ती शोधण्यासाठीच अभ्यास लागतो. जर्मनीने १ जानेवारी २०१५ रोजी ताशी ८.५० युरो हे पहिले सर्वसाधारण किमान वेतन लागू केले तेव्हा मोठी बेकारी येईल असे अनेक तज्ज्ञ म्हणत होते. ती आली नाही, आणि कमी पगाराचे कामगार अधिक चांगला पगार देणाऱ्या आस्थापनांकडे वळल्याचे नंतरच्या संशोधनात दिसले.

चांगला अहवाल कसा असतो याचाही एक नमुना पाहून ठेवावा. अमेरिकेच्या संसदेच्या अर्थसंकल्प कार्यालयाने जुलै २०१९ मध्ये, किमान वेतन २०२५ पर्यंत ताशी १५ डॉलर केल्यास काय होईल याचा अंदाज दिला. १ कोटी ७० लाख लोकांची मजुरी वाढेल, १३ लाख लोक दारिद्र्यातून बाहेर येतील आणि १३ लाख नोकऱ्या जातील, असे त्यात म्हटले होते. मात्र जाणाऱ्या नोकऱ्यांचा आकडा जवळजवळ शून्यापासून ३७ लाखांपर्यंत कुठेही असू शकतो, हेही तिथेच स्पष्ट लिहिले होते. लाभ, तोटा आणि अनिश्चितता एकाच पानावर मांडणारा असा अहवाल आपल्या राज्यातही निघावा अशी मागणी तुमच्यासारख्या विद्यार्थ्यांनी करायला हवी.

खानापूर येथील एक निवृत्त शिक्षक विचारतात : रोजगारावरच्या परिणामाची चर्चा फार होते, पण मुळात किमान वेतनाचा आकडा कुठून येतो? तो पोट भरण्यापुरता तरी आहे का, हे कोण तपासते?

उत्तर : गुरुजी, माझ्या मते हा पहिला प्रश्न असायला हवा आणि बहुतेक चर्चांत तो शेवटी येतो.

१९५७ साली पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने गरजेवर आधारित किमान वेतनाचे निकष ठरवले. एका कमावत्या माणसामागे तीन उपभोग-घटक धरायचे, म्हणजे तो स्वतः १, पत्नी ०.८ आणि दोन मुले प्रत्येकी ०.६. दर घटकाला रोज २७०० उष्मांकांचे अन्न, चौघांच्या कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, सरकारी औद्योगिक घरयोजनेच्या दराने घरभाडे, आणि इंधन, दिवाबत्ती व किरकोळ खर्चासाठी एकूण वेतनाचे २० टक्के. पुढे सर्वोच्च न्यायालयाने रेप्टाकोस ब्रेट कंपनीच्या कामगारांच्या खटल्यात, १९९१ च्या निकालात, मुलांचे शिक्षण, औषधपाणी, सणसमारंभ, म्हातारपण आणि लग्नकार्य यांसाठी आणखी २५ टक्क्यांची भर सांगितली.

या दोन टक्केवाऱ्या कशा वाचायच्या यावरच वेतन किती बदलते ते पाहण्यासारखे आहे. समजा, अन्न, कापड आणि भाडे मिळून महिन्याला १२,००० रुपये होतात. २० टक्के एकूण वेतनाचे धरले तर १२,००० म्हणजे ८० टक्के, आणि वेतन १५,००० होते. त्यावर २५ टक्के चढवले की १८,७५०. पण तेही २५ टक्के एकूण वेतनाचेच धरले, तर १२,००० म्हणजे ५५ टक्के ठरतात आणि वेतन सुमारे २१,८१८ होते. एकाच कुटुंबाचा तोच बाजारहाट, पण वाचण्याच्या रीतीने महिन्याला ३,०६८ रुपयांचे अंतर पडते. दर वाढवायचा की नाही यावर भांडण्याआधी सरकारने कोणती रीत वापरली हे विचारले पाहिजे.

निकषही काळाप्रमाणे तपासले जातात. केंद्र सरकारने नेमलेल्या अनुप सत्पथी समितीने २०१९ च्या आरंभी उष्मांक २४०० वर आणले, पण उपभोग-घटक ३ ऐवजी ३.६ धरले आणि रोज ५० ग्रॅम प्रथिने व ३० ग्रॅम स्निग्ध पदार्थांची अट घातली. गुणाकार केला तर जुन्या निकषाने कुटुंबाला रोज ८,१०० उष्मांक मिळत होते, नव्याने ८,६४०. या समितीने जुलै २०१८ च्या किमतींनुसार देशासाठी रोज ३७५ रुपये, आणि कर्नाटक, महाराष्ट्र, गुजरात, केरळ, तमिळनाडू या गटासाठी ४१४ रुपये सुचवले. त्याच वर्षी केंद्राने रोजच्या वेतनाची राष्ट्रीय किमान पातळी १७६ वरून १७८ रुपये केली. दोन रुपयांची ती वाढ आठवली की आजही वाईट वाटते.

तपासायचे कुठे, हे आपण विचारले आहे. औद्योगिक कामगारांसाठी केंद्रीय श्रम ब्युरो जो ग्राहक किंमत निर्देशांक काढतो, त्याच्या देशभरातल्या ८८ केंद्रांत बेळगावचा समावेश आहे, म्हणजे आपल्या बाजारातल्या भावांची नोंद सरकारदरबारी होत असते. तिच्या जोडीला अथणी, निपाणी आणि खानापूरच्या आठवडी बाजारांतले भाव आणि तिथली घरभाडी घेतली तर कुटुंबाच्या गरजेच्या वस्तूंचा खरा खर्च निघेल. वृद्ध आईवडील मात्र १९५७ च्या तीन घटकांत कुठेच नाहीत. आपल्याकडच्या किती घरांत ते एका कमावत्यावर अवलंबून आहेत, हे आपल्यासारख्या गावात राहिलेल्या शिक्षकांना सांगायला नको.

कायद्याच्या बाजूने एक गोष्ट पक्की आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९६१ च्या उनिचोयी खटल्यात किमान वेतन ठरवताना मालकाची पैसे देण्याची ऐपत पाहण्याची गरज नाही असे म्हटले, आणि १९८३ साली संजीत रॉय खटल्यात किमान वेतनापेक्षा कमी मजुरीत करून घेतलेले काम हे राज्यघटनेच्या अनुच्छेद २३ खालची वेठ आहे असे ठरवले. त्यामुळे रोजगारावरच्या परिणामाचा अभ्यास गरजेच्या रेषेपासून वरच्या वाढीबद्दल व्हावा. त्या रेषेच्या खाली वाटाघाटीला जागा नाही.

वडगाव, बेळगाव येथील एक विणकर लिहितात : मी मालकाच्या मागावर काम करतो, मजुरी साडीच्या नगावर मिळते. बायको घरी मागासाठी सुताच्या कांड्या भरते. सरकार महिन्याचा दर काढते, त्याचा आमच्याशी काय संबंध?

उत्तर : संबंध थेट आहे. नगावर काम करणाऱ्यासाठी नगाचा किमान दर ठरलेला नसेल, तर दिवसाच्या कामाची त्याची कमाई वेळेच्या किमान दरापेक्षा कमी असता कामा नये, हे १९४८ च्या किमान वेतन कायद्यातच होते. रोजावर काम करणाऱ्याला मालकाने काम पुरवले नाही म्हणून तो कमी तास राबला, तर पूर्ण दिवसाची मजुरी द्यावी, हेही त्यात होते. सूत आले नाही म्हणून माग बंद राहिल्याचे दिवस कोणाच्या खात्यात जातात, हे आपण आपल्याच नोंदीतून पाहावे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याच्या जागी २०१९ ची वेतन संहिता लागू झाली आहे. आता किमान वेतन जुन्या कायद्याच्या अनुसूचीतल्या ठराविक धंद्यांपुरते उरलेले नाही, आणि केंद्राने ठरवलेल्या तळवेतनाखाली कोणत्याही राज्याला आपला दर ठेवता येत नाही.

तरीही आपल्या शंकेत सरकारी अभ्यासाची सगळ्यात मोठी उणीव दिसते. उद्योगांच्या वार्षिक पाहणीत विजेवर चालणारे दहा किंवा त्याहून अधिक कामगारांचे कारखाने येतात. सहा-आठ मागांची शेड त्यात येत नाही, आणि कांड्या भरणारी आपली पत्नी तर कुठल्याच हजेरीपटावर नाही. म्हणून माझे ठाम मत आहे की दर वाढवावा का, या प्रश्नाआधी आजचा दर किती जणांच्या हाती पडतो हे मोजले पाहिजे. शंभरातल्या सत्तर जणांना आजचाच दर मिळत नसेल, तर वाढलेला आकडा उरलेल्या तिसांपुरता राहील, आणि वाढीमुळे रोजगार घटला नाही असा निष्कर्ष निघाला तरी त्याचे कारण दर कोणी पाळलाच नाही एवढेच असू शकेल. ही मोजणी मालकाच्या पगारपत्रकावरून होणार नाही. ती शहापूर, खासबाग आणि वडगावच्या गल्ल्यांत संध्याकाळी माग थांबल्यावर, मराठी आणि कन्नड दोन्ही जाणणाऱ्या माणसांनी करावी लागेल. प्रश्नही "पगार किती?" असा विचारू नये, या आठवड्यात किती नग उतरले, किती तास लागले, डागाच्या नावाखाली किती कापले, उचल किती फिटली, असे विचारावे.

निपाणी येथील एक तरुणी लिहिते : माझी आई गेली तीस वर्षे विड्या वळते. दर हजारी मजुरी वाढली की पाने आणि तंबाखू कमी मिळतो आणि छाट, म्हणजे खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्या, वाढते. मग आठवड्याची कमाई होती तेवढीच. अशा वाढीचा उपयोग काय?

उत्तर : ताई, आपल्या आईंनी अनुभवाने जे ओळखले आहे ते मोठमोठ्या अभ्यासांतून निसटते. दर आणि कमाई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेतल्या सिएटल शहराने जानेवारी २०१६ मध्ये किमान वेतन ताशी १३ डॉलरपर्यंत नेले, तेव्हा वॉशिंग्टन विद्यापीठाच्या अभ्यासकांनी नोकऱ्यांबरोबर तासही मोजले. कमी मजुरीच्या कामांत ताशी मजुरी सुमारे ३ टक्के वाढली पण तास सुमारे ९ टक्के घटले, असे त्यांना २०१७ साली आढळले. अनेक शाखांचे मोठे व्यवसाय त्या मोजणीत नव्हते म्हणून तिच्यावर टीकाही झाली, आणि त्याच गटाने पुढच्या वर्षी केलेल्या पाहणीत आधीपासून कामावर असलेल्या अनुभवी कामगारांची कमाई वाढल्याचे दिसले. तरीसुद्धा तास मोजण्याचा त्यांचा आग्रह योग्यच होता. निपाणीत तासांच्या जागी कच्चा माल मोजावा लागेल.

१९६६ च्या विडी-सिगार कामगार कायद्याने घरी विडी वळणारीलाही कामगार मानले होते. तेव्हा अभ्यासकाने दर हजारीचा आकडा घेऊन थांबू नये. आठवड्यात किती दिवस माल मिळाला, दिलेल्या पानांत किती विड्या भरतात आणि किती भरल्याच पाहिजेत असे सांगितले जाते, कमी पडलेली पाने आईंनी पदरच्या पैशांनी आणली का, छाट किती काढली आणि छाट काढलेल्या विड्यांचे पुढे काय झाले, हे विडी कामगाराच्या नोंदपुस्तकावरून उतरवून घ्यावे. दर वाढण्यापूर्वीच्या आणि नंतरच्या सहा महिन्यांची अशी शंभर पुस्तके शेजारी ठेवली, तर आपल्या पत्रातले विधान आकड्यांनी सिद्ध होईल. आईंचे जुने पुस्तक जपून ठेवा.

संकेश्वर परिसरातील एक शेतकरी लिहितात : भांगलणीला माणूस मिळत नाही. उसाचा दर आमच्या हातात नाही आणि मजुरी वाढवा म्हणता. शेतकऱ्याने कुठून द्यायचे?

उत्तर : कारखानदार वाढलेल्या खर्चातला काही भाग गिऱ्हाइकाकडे सरकवू शकतो, ऊस उत्पादकाला ती सोय नाही. २०२५-२६ च्या हंगामाचा रास्त आणि किफायतशीर दर केंद्राने १०.२५ टक्के साखर उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये असा ठरवला, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये टनाला ३,५०० रुपयांसाठी आपल्याच जिल्ह्यात गुर्लापूरला शेतकऱ्यांना रस्त्यावर बसावे लागले. म्हणून शेतमजुरीचा अभ्यास पिकाच्या दराशी जोडूनच झाला पाहिजे, आणि उसाचा उत्पादनखर्च काढताना मजुरी किमान वेतनाच्याच दराने धरली पाहिजे. आज ती कमी धरली तर शेतकरी आणि मजूर दोघांचाही तोटा होतो.

मजूर मिळत नाही याचा अर्थ मजुरी आधीच वाढली आहे असाही होतो, पण ती कोणाची वाढली हे पाहावे. भांगलणीच्या बाईचा रोज आणि औषध फवारणाऱ्या पुरुषाचा रोज यांत आपल्या गावात किती अंतर आहे, हे आपण जाणताच. सीमेवरचा आणखी एक फरक इथे नोंदवतो : रोजगार हमीचा २०२५-२६ चा दर कर्नाटकात ३७० रुपये आणि महाराष्ट्रात ३१२ रुपये होता, म्हणजे संकेश्वरकडच्या आणि गडहिंग्लजकडच्या मजुरात दिवसाला ५८ रुपयांचे अंतर. हा दर म्हणजे शेतीचे किमान वेतन नव्हे, पण त्यामुळे इकडची शेतमजुरी वर ओढली गेली का, हे तपासायला हा पट्टा उत्तम आहे.

येळ्ळूर येथील एक वाचक विचारतात : मसुद्यावर हरकत घेता येते असे ऐकतो. राजपत्र कन्नडमध्ये असते. आम्हाला मराठीत हरकत देता येईल का, आणि तिचा काही उपयोग होतो का?

उत्तर : मसुदा प्रसिद्ध झाल्यावर हरकती आणि सूचनांसाठी किमान दोन महिन्यांची मुदत द्यावी लागते, आणि त्यानंतर मालक व कामगार यांचे समसमान प्रतिनिधी असलेल्या सल्लागार मंडळाशी विचारविनिमय करून सरकार दर ठरवते. दरांचा आढावा साधारणपणे पाच वर्षांच्या आत घ्यावा, असेही कायदा सांगतो. भाषेबद्दल सांगायचे तर, राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५० नुसार गाऱ्हाण्याचे निवेदन संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देता येते. व्यवहारात मात्र मराठी मजकुराला कन्नड भाषांतर जोडावे, म्हणजे वाचणाऱ्या अधिकाऱ्याला ते बाजूला ठेवण्याचे निमित्त मिळत नाही. ते करून देणारे कन्नड शाळेत शिकलेले तरुण आता आपल्या प्रत्येक गावात आहेत.

उपयोग होतो तो आकड्यांचा. "दर वाढवा" किंवा "वाढवू नका" एवढेच लिहिलेल्या हजार पत्रांपेक्षा येळ्ळूरच्या वीस घरांचा महिन्याचा किराणा, भाडे, शाळेचा खर्च आणि हाती पडलेली मजुरी मांडणारे एक पत्र मंडळापुढे अधिक टिकेल. ज्यांना आजचाच दर मिळत नाही त्यांनी हरकतीबरोबर थकबाकीचा दावाही करावा. जुन्या कायद्यात दाव्याची मुदत सहा महिने होती, वेतन संहितेत ती तीन वर्षे आहे, आणि पैसे दिले हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर आहे. कामावर गेलेले दिवस, खाडे आणि मिळालेली रक्कम स्वतःच्या वहीत रोजच्या रोज लिहून ठेवावी. कामगार खात्याच्या कार्यालयात अर्ज देताना दुसऱ्या प्रतीवर तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय तिथून निघू नये.